भयकथेतील काळाचे पाठभेद : लीळाचरित्र ते ‘लुचाई’

वर्धा जिल्ह्याची पश्चिम सीमा आखणारी वर्धा नदी ओलांडून आष्टीकडून मोर्शीच्या बाजूला गेले की अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर फार दूर राहत नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी येथे लीळाचरित्राची सिद्धता केली. श्रीचक्रधरांच्या आठवणी ज्यांच्यापाशी होत्या त्यांना गाठून, ऐकलेले नागदेवाचार्यांकडून पारखून घेऊन त्यांनी ग्रंथ लिहिला. पुढे खल्जी फौजांच्या धामधुमीत मूळ प्रत हरवली आणि शिष्यपरंपरेने ती स्मरणातून पुन्हा उभी केली, असे महानुभाव परंपरा सांगते. या पुनर्रचनेत एकाच लीळेची आठवण दोघांकडे दोन प्रकारची निघाली. अशा वेळी एक खरी व दुसरी खोटी असा निवाडा सरसकट केला गेला नाही. हिराइसेसारख्या स्मरणधारकांच्या नावांनी वेगळे पाठ टिकले आणि भिन्न आठवण ‘वासना’ म्हणून संहितेतच नोंदली गेली.

मराठीत दुसरी रीतही तेवढीच प्रतिष्ठित आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती पाहून तिची संहिता शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये अशी मर्यादा आखून दिली. तेथे भेद हा दोष होता. शोधन हा त्यावरील उपाय होता. विसंगतीची नोंद आणि विसंगतीचे निरसन या दोन वृत्ती आपल्या वाङ्मयेतिहासाच्या आरंभापासून शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. श्रद्धाग्रंथ आणि करमणुकीची कादंबरी एका तराजूत घालण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न पद्धतीचा आहे. एकमेकांशी जोडलेल्या अनेक संहितांमध्ये काळ आणि घटना जुळेनाशा झाल्या तर अभ्यासकाने काय करावे? हा प्रश्न आज सर्वाधिक तीव्रतेने उभा राहतो तो, अनपेक्षितपणे, भयकथेच्या प्रांतात.

अमेरिकन कादंबरीकार स्टीफन किंग यांच्या कादंबऱ्या मेन राज्यातील कल्पित गावांभोवती आणि ‘डार्क टॉवर’ या मालिकेभोवती एकमेकींत गुंतलेल्या आहेत. हे विश्व आखणी करून उभारलेले नाही. ते अर्धशतकात वाढत गेले, आणि वाढताना त्याचे सांधे निखळले. ‘द स्टँड’ ही महामारीची कादंबरी प्रथम १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा तीतील साथ १९८० मध्ये येते. पुढील स्वस्त आवृत्तीत ती १९८५ वर गेली. १९९० मध्ये गाळलेला मजकूर परत घालून विस्तृत आवृत्ती निघाली तेव्हा साथही १९९० मध्ये आली. भविष्य सतत जवळचे राहावे, एवढाच या सरकवण्यामागील व्यवहार असावा. परंतु १९९७ च्या ‘विझर्ड अँड ग्लास’ मध्ये मालिकेतील प्रवासी त्याच साथीने ओसाड पडलेल्या टोपेका शहरात येतात आणि तेथील वृत्तपत्रावर साल असते १९८६. रस्त्यावरच्या मोटारी आणि दुकानांतली पेये यांची नावेही आपल्या जगातली नाहीत. एका कादंबरीच्या तीन आवृत्त्यांनी तीन साले दिली होती; चौथे साल दुसऱ्याच कादंबरीने दिले.

या ठिकाणी लेखकाने केलेली तडजोड लक्षणीय आहे. मनोऱ्याला अनेक मजले आहेत, प्रत्येक मजल्यावर थोडे वेगळे जग आहे, असे मानले की कोणतेही साल चूक ठरत नाही. १९९६ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झालेल्या ‘डेस्परेशन’ आणि ‘द रेग्युलेटर्स’ या कादंबऱ्यांत (दुसरी रिचर्ड बाकमन या टोपणनावाने) त्याच नावांची माणसे वेगळ्या वयांत आणि वेगळ्या नात्यांत वावरतात. येथे भेद हाच रचनेचा पाया आहे. उलट, १९८२ चे ‘द गनस्लिंगर’ नंतरच्या खंडांशी जुळावे म्हणून किंग यांनी २००३ मध्ये दुरुस्त केले. म्हणजे एकाच लेखकाने निरसन आणि समन्वय हे दोन्ही मार्ग चोखाळले. पहिल्याचे नाते एकनाथी शोधनाशी सांगता येईल, पण एका मोठ्या फरकासह : एकनाथ दुसऱ्याच्या ग्रंथावरील काळाची पुटे काढत होते, किंग स्वतःच्या तरुणपणीच्या संहितेवर उत्तरकालाचे संस्कार चढवत होते. दुसरा मार्ग वासनेच्या जवळचा वाटतो, पण तसा तो नाही. वासनेत दोन आठवणी एकाच घडलेल्या गोष्टीच्या असतात. त्या परस्परांना प्रश्न विचारतात. मजल्यांच्या कल्पनेत दोन्ही गोष्टी घडलेल्याच असतात आणि त्यामुळे कोणालाच प्रश्न विचारावा लागत नाही.

भयकथेच्या दृष्टीने हा फरक केवळ तांत्रिक नाही. भय हे काळाच्या एकेरीपणावर उभे असते. दार उघडले, ते पुन्हा न उघडलेले होणार नाही. मूल गेले, ते परत येणार नाही, आणि आलेच तर ते मूल असणार नाही. याच अपरिवर्तनीयतेतून थरकाप जन्मतो. दुसऱ्या एखाद्या मजल्यावर ते मूल सुखरूप आहे असे कळले की वाचकाला आश्वासन मिळते आणि भयाच्या जागी कुतूहल येते. ‘सेलम्स लॉट’ (१९७५) मधील फादर कॅलहन श्रद्धा डळमळताच पराभूत होतो आणि विटाळलेल्या अवस्थेत बसमध्ये बसून गाव सोडतो. त्याचे पुढे काय झाले हे न कळणे हा त्या प्रसंगाच्या दाहकतेचा भाग होता. ‘वुल्व्ह्ज ऑफ द काला’ (२००३) मध्ये तो परततो, आपली हकिकत सांगतो, आणि अखेरीस आपण ज्यात पात्र आहोत ती कादंबरीच त्याच्यासमोर येते. ही कल्पना चतुर आहे, त्या पात्राला तिने प्रतिष्ठाही दिली; परंतु १९७५ च्या संहितेतील मौन तिने भरून काढले, आणि त्या मौनातच भय होते.

या विश्वाचा मराठीशी संबंध नारायण धारप (१९२५–२००८) यांच्यामुळे येतो. ‘सेलम्स लॉट’ वरून त्यांनी ‘लुचाई’ आणि ‘इट’ (१९८६) वरून ‘शपथ’ लिहिली. धारपांच्या या ऋणाविषयी आजवर झालेली चर्चा बहुधा स्वतंत्र की उसने या एकाच प्रश्नाभोवती फिरली. त्याहून महत्त्वाची गोष्ट तीत निसटली. किंग यांच्याकडे या दोन कादंबऱ्या एका भूगोलात आहेत; ‘इट’ मधील डेरी गावात पुढे २०११ मधील ‘११/२२/६३’ चा नायक १९५८ साली पोहोचतो आणि त्याच कादंबरीतील मुलांना भेटतो. मराठीत येताना हे धागे तुटले. कॅथलिक पाद्र्याच्या श्रद्धेचा कस लागणारा प्रसंग मराठी गावात जसाच्या तसा रुजू शकत नाही. आणि पाद्री नाही म्हणजे २००३ मध्ये परतणारेही कोणी नाही. मूळ विश्व ज्या वळणाने पुढे गेले त्या वळणाआधीच मराठी शाखा फुटून स्वतंत्र झाली. मराठी वाचकाजवळ जी ‘लुचाई’ आहे ती या अर्थाने मूळ कादंबरीचा एक पर्यायी काळ आहे, आणि तो उत्तरकालीन खुलाशांपासून मुक्त आहे.

धारपांचे स्वतःचे जोडलेले विश्व वेगळेच आहे. ‘समर्थ’ ही व्यक्तिरेखा त्यांच्या अनेक पुस्तकांतून पुन्हा पुन्हा येते. अनिष्ट शक्तींशी झुंजणारा हा अधिकारी पुरुष वाचकाचा आधार होतो. ‘लुचाई’ आणि ‘शपथ’ या समर्थकथा नाहीत. मग एक साधा प्रश्न विचारता येतो : या गावांवर संकट आले तेव्हा समर्थ कोठे होते? एकविश्वाच्या नियमाने वाचणाऱ्यास हा प्रश्न टाळता येणार नाही. मराठी वाचकाला मात्र तो पडलेला दिसत नाही, आणि हे त्याच्या भोळेपणाचे लक्षण नव्हे. पुराण, कीर्तन आणि दंतकथा यांनी घडविलेल्या श्रोत्याला प्रत्येक कथा स्वतःच्या नियमाने ऐकण्याची सवय आहे. देव एका कथेत धावून येतो आणि दुसरीत येत नाही, याचे वेळापत्रक तो मागत नाही. समर्थांची अनुपस्थिती हीच ‘लुचाई’ च्या भयाची पूर्वअट आहे. तिला स्पष्टीकरण देणारा एखादा दुवा लिहिला गेला असता तर दोन्ही विश्वांचे नुकसान झाले असते.

यावरून समीक्षेच्या कामाविषयी काही ठरविता येते. जोडलेल्या कादंबऱ्यांची सनावळी लावणे हे उपयुक्त काम आहे. ते केल्याशिवाय ‘द स्टँड’ ची चार साले दिसलीच नसती. परंतु सनावळी लावून झाल्यावर विसंगती मिटविण्याची घाई करू नये. कोणत्या आवृत्तीत, कोणत्या वर्षी, कोणत्या गरजेपोटी काळ बदलला याची नोंद हीच वाङ्मयेतिहासाची सामग्री आहे. लोकप्रिय म्हणून बाजूला ठेवलेल्या मराठी भयकथेला तर ही शिस्त अधिकच हवी. वाचनालयांतून हाताळून झिजलेल्या आवृत्त्या आणि नवी पुनर्मुद्रणे शेजारी ठेवून पाहण्याचे काम संत आणि पंत कवींच्या हस्तलिखितांपुरते राखून ठेवण्यास कोणतेही तात्त्विक कारण नाही.

या परंपरेचे अलीकडचे टोक चित्रपटात आहे. किंग यांच्या ‘ग्रॅमा’ (१९८४) या कथेवरून धारपांनी ‘आजी’ लिहिली. राही अनिल बर्वे यांनी सांगितल्यानुसार, १९९३ मध्ये विदर्भातील नागझिरा अभयारण्यात एका मित्राने त्यांना धारपांची कथा तोंडी सांगितली, आणि त्या ऐकण्यातून २०१८ च्या ‘तुंबाड’ चे बीज पडले. चित्रपटाचे नाव आले ते श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ वरून. काळ सरकला तो १९१८ पासून १९४७ पर्यंत. इंग्रजी संहिता, मराठी संहिता, तोंडी कथन आणि चित्रपट या चार पाठांपैकी कोणताही एक दुसऱ्याची चूक नाही. त्यांपैकी तिसरा, जंगलातल्या रात्री सांगितला गेलेला पाठ, कोठेही लिहिलेला नाही. म्हाइंभटांच्या काळी असा पाठ ज्याच्याजवळ होता त्याच्यापर्यंत चालत जावे लागे, आणि तो सांगणाऱ्याच्या नावानिशी उतरवून घेतला जाई.