जुन्या अमेरिकन मोटारीसाठी चाकांची निवड

पुणे-सातारा महामार्गावर कात्रजचा घाट मागे टाकून खेड-शिवापूरच्या पुढे गेले की भोर तालुक्यातील शिवरे लागते. उत्तरेला कात्रज, दक्षिणेला खंबाटकी आणि पश्चिमेला भोरमार्गे महाडकडे उतरणारा वरंध घाट, अशा तीन घाटवाटांच्या मधला हा टापू. साठ-सत्तरच्या दशकातील अमेरिकन मोटार घेऊन पुण्याबाहेर पडणाऱ्या हौशी मालकाला आपल्या मोटारीच्या चाकांची खरी परीक्षा द्यावी लागते ती याच भागात. महामार्गावरचा वेग, घाटातील वळणे, पावसाळ्यानंतरचे खड्डे आणि गावोगावचे गतिरोधक हे सारे पन्नास किलोमीटरच्या आत भेटते. त्यामुळे अशा मोटारीला बाजारातील नवी चाके बसविताना केवळ छायाचित्रातील शोभा पाहून भागत नाही.

महाराष्ट्राला अमेरिकन मोटारींचे अप्रूप नवे नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला आणि तो १९५४ पर्यंत चालला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून क्रायस्लर समूहाच्या डॉज, डिसोटो आणि प्लिमथ मोटारी जोडल्या. मात्र ‘मसल कार’ म्हणून ओळखला जाणारा प्रकार, म्हणजे मध्यम आकाराच्या सांगाड्यात मोठे आठ सिलिंडरचे इंजिन, हा त्यानंतरचा. पॉन्टियाक जीटीओ आली ती १९६४ मध्ये, मस्टँगही त्याच वर्षी एप्रिलमध्ये. तोवर आपल्याकडे मोटारींच्या आयातीवर कडक बंधने आली होती. म्हणूनच या मोटारी येथे मोजक्याच आहेत आणि त्यांच्या चाकांविषयी जाणकार सल्ला देणारा मिस्त्री त्याहूनही दुर्मीळ.

पहिला प्रश्न नटांच्या वर्तुळाचा. चाक ज्या स्टडवर बसते, त्या स्टडच्या मध्यबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासाला पीसीडी म्हणतात. आठ सिलिंडरची मस्टँग, डॉज चार्जर, चॅलेंजर यांना पाच स्टड आणि साडेचार इंच, म्हणजे ११४.३ मिलिमीटर. शेव्हरोले कॅमेरो, शेव्हेल आणि पॉन्टियाक जीटीओ यांना पाच स्टड आणि पावणेपाच इंच, म्हणजे १२०.६५ मिलिमीटर. पहिल्या वर्षांतील सहा सिलिंडरच्या मस्टँगला मात्र चारच स्टड असत आणि १९७२ पर्यंतच्या डॉज डार्टचे वर्तुळ चार इंचांचे होते. मोटारीचे नाव सांगून चाके मागविणाऱ्यांची फसगत होते ती नेमकी येथे.

पाच स्टडचे वर्तुळ समोरासमोर मोजता येत नाही, कारण एका स्टडच्या समोर दुसरा स्टड नसतो. शेजारच्या दोन स्टडच्या मध्यबिंदूंमधील अंतर मोजावे आणि त्याला १.७ ने गुणावे. ११४.३ च्या वर्तुळात हे अंतर ६७.२ मिलिमीटर येते, १२०.६५ च्या वर्तुळात ७०.९. फरक चार मिलिमीटरहूनही कमी! लाकडी फूटपट्टीने घाईघाईत घेतलेले माप चुकले तर नवल नाही. साधा व्हर्नियर कॅलिपर आणून तीन वेळा मोजावे.

वर्तुळ जुळले की काम झाले, असा समज सर्रास आढळतो. टोयोटा इनोव्हाचे वर्तुळही ११४.३ मिलिमीटरचेच, आणि तिची अलॉय चाके जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात. पण टोयोटाच्या चाकाचे मधले भोक ६०.१ मिलिमीटरचे, तर मस्टँगचा हब सुमारे ७०.५ मिलिमीटरचा. चाक आत सरकतच नाही. भोक लेथवर मोठे करून घेतले तरी पुढची अडचण ऑफसेटची. रिमच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून बसवणीची सपाटी किती बाहेर आहे, ते माप म्हणजे ऑफसेट. आजच्या मोटारींत तो ४० ते ५० मिलिमीटर अधिक असतो, साठच्या दशकातील अमेरिकन मोटारींत शून्याच्या आसपास. अमेरिकन विक्रेते मात्र ‘बॅकस्पेस’ सांगतात, म्हणजे रिमच्या आतल्या कडेपासून बसवणीच्या सपाटीपर्यंतचे अंतर. सात इंची रिमची कडांसह एकूण रुंदी सुमारे आठ इंच भरते. ऑफसेट शून्य असेल तर बॅकस्पेस चार इंच. ऑफसेट ४५ मिलिमीटर अधिक असेल तर पावणेसहा इंच. एवढे आत गेलेले चाक मागे पाट्यांना घासणार आणि पुढे सस्पेन्शनच्या आर्मला भिडणार. उलट ते फार बाहेर काढले तर मडगार्डला घासते, स्टिअरिंग जड होते आणि प्रत्येक खड्ड्यात हातातून निसटू पाहते. पुढची चाके वळवताना या दोन्ही शक्यता पूर्ण वळणावर तपासाव्यात.

शेव्हरोलेवाल्यांसाठी याहून फसवा सापळा आहे. बीएमडब्ल्यूच्या अनेक मोटारींचे वर्तुळ १२० मिलिमीटरचे आहे. ०.६५ मिलिमीटरचा फरक नटाच्या दाबाखाली झाकला जातो आणि चाक बसते. परंतु स्टड किंचित तिरपे ताणले जातात, चाक हबच्या मध्यावर नेमके बसत नाही. ऐंशी-नव्वदच्या वेगाने खंबाटकीकडे जाताना स्टिअरिंगला जाणवणारी थरथर मग बॅलन्सिंग करूनही जात नाही. ‘बसले ना, मग झाले’ असे सांगणाऱ्या दुकानदाराकडून येथे सावध राहिलेले बरे.

आता टायर. प्रस्तुत लेखकाच्या मते निवडीचा क्रमच उलटा हवा: आधी टायर, मग चाक. सत्तरच्या सुमाराच्या मोटारींवर ‘एफ ७०-१४’ असे आकडे आढळतात. त्याचा आजच्या परिभाषेतील जवळचा अवतार २१५/७० आर १४. एकूण व्यास ६५७ मिलिमीटर. हा टायर येथील बाजारात सहज मिळत नाही. दुसरीकडे, पहिल्या पिढीच्या इनोव्हाचा २०५/६५ आर १५ हा टायर महामार्गावरील कोणताही दुकानदार मागवून देईल. त्याचा व्यास ६४८ मिलिमीटर, म्हणजे मूळ मापापेक्षा जेमतेम दीड टक्का कमी. स्पीडोमीटरमध्ये तितकाच फरक पडेल. त्यावर ९४ हा भारनिर्देशांक असल्यास एक टायर ६७० किलो भार पेलतो. दीड-पावणेदोन टनांच्या मोटारीला तो पुरेसा आहे. सतरा इंची चाकांचा मोह असेल तर २२५/५० आर १७ चा व्यास मूळ मापाशी तंतोतंत जुळतो. पण टायरच्या भिंतीची उंची पाहावी. मूळ टायरची १५० मिलिमीटर, पंधरा इंचीची १३३, सतरा इंचीची ११२. खड्ड्याची धार आणि रिम यांच्यामध्ये असते ती एवढीच रबराची गादी. शहरापुरती मिरवायची मोटार असेल तर सतरा इंच ठीक. भोर-वेल्ह्याच्या रस्त्यांसाठी पंधरा इंची रिम, रुंदी सहा ते सात इंच आणि बॅकस्पेस सुमारे चार इंच ही निवड शहाणपणाची. बोलेरोचा २१५/७५ आर १५ मिळतो म्हणून बसवू नये, तो ७०३ मिलिमीटरचा आहे आणि मडगार्डला भिडेल.

चाकांच्या प्रकारांबाबत एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. आपल्याकडे कोणत्याही अलॉय चाकाला ‘मॅगव्हील’ म्हणतात. हा शब्द आला मॅग्नेशियमवरून, कारण अमेरिकन शर्यतींतील सुरुवातीची हलकी चाके त्या धातूची असत. मॅग्नेशियम ओल्या हवेत झपाट्याने झिजते, आणि सह्याद्रीच्या कुशीतील पावसाळ्यात तर विचारायलाच नको. त्या काळातील अस्सल मॅग्नेशियमचे चाक हाती लागले तर ते भिंतीवर टांगावे, मोटारीला लावू नये. अमेरिकन रेसिंगचे पाच दांड्यांचे ‘टॉर्क थ्रस्ट’ आता ॲल्युमिनियममध्ये मिळते. १९६८ च्या ‘बुलिट’ चित्रपटातील मस्टँगला हीच चाके होती. दांड्यांमधील मोकळी जागा ड्रमब्रेकला हवा देते आणि वरंध घाट उतरताना तिचा उपयोग कळतो. क्रोम केलेले क्रेगर एसएस देखणे खरे, पण त्याच्या जुन्या ‘युनिलग’ प्रकारात लांबट भोके असून वेगवेगळ्या वर्तुळांना बसण्यासाठी खास वॉशर लागतात. वॉशर चुकीचे पडले की चाक सैल होते. नव्या चाकावर ‘जेडब्ल्यूएल’ ही जपानी मानकाची खूण आणि भारक्षमता ओतलेली आहे की नाही, हे पाहावे. एका चाकाची भारक्षमता त्या आसावरील कमाल भाराच्या निम्म्यापेक्षा कमी असता कामा नये.

नटांकडे सर्वात कमी लक्ष दिले जाते आणि अपघात होतात ते तेथेच. फोर्ड व क्रायस्लरचे स्टड अर्ध्या इंचाचे, जनरल मोटर्सचे बहुधा ७/१६ इंचाचे. दोन्हींवर इंचाला २० आटे. आजच्या मोटारींचे मेट्रिक नट त्यांवर चालत नाहीत. अर्ध्या इंचाच्या स्टडवर नट किमान दहा पूर्ण फेरे हाताने फिरला पाहिजे. त्याहून कमी फिरत असेल तर अलॉयच्या जाडीमुळे स्टड अपुरा पडतो आहे आणि लांब स्टड बसविणे भाग आहे. शंकूच्या आकाराचा नट आणि सपाट वॉशरचा नट यांची अदलाबदल चालत नाही. अर्ध्या इंचासाठी सुमारे १०० ते ११५ न्यूटन मीटर इतका पीळ टॉर्क पान्याने द्यावा आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावा.

१९७० पर्यंतच्या क्रायस्लर समूहाच्या मोटारींना डाव्या बाजूच्या चाकांवर उलटे आटे असत. विलीज जीपलाही तसेच. महामार्गावरील पंक्चरवाला हवेची बंदूक लावून नेहमीच्या दिशेने नट सोडवू लागला, की नट सुटण्याऐवजी घट्ट होत जातो आणि अखेर स्टड तुटतो. अशी मोटार असेल तर डिकीत लांब दांड्याचा पाना ठेवावा आणि डावी चाके स्वतः सोडवावीत.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. जुलै २०२१ च्या अधिसूचनेनुसार पन्नास वर्षांवरील मोटारींना ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे. मोटार मूळ रूपात जपलेली असावी आणि चॅसी, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, ही अट आहे. चाकांचा तीत स्वतंत्र उल्लेख नाही. तरीही मडगार्डच्या बाहेर आलेली चाके घेऊन तपासणीला जाणे म्हणजे आपणहून प्रश्न ओढवून घेणे. या नोंदणीवर मोटार रोजच्या वापरासाठी नाही, तर रॅली, प्रदर्शन, इंधन व देखभालीसाठीच रस्त्यावर आणता येते, हेही ध्यानात ठेवावे. मूळ पोलादी चाके विकू नयेत. ती तेल लावून कोरड्या जागी ठेवावीत आणि त्यांतील एक सुस्थितीतील चाक नव्या टायरसह स्टेपनी म्हणून डिकीत घालावे. मात्र अलॉयचे नट त्या चाकाला चालतात का, ते घरीच एकदा बसवून पाहावे. चालत नसतील तर जुने पाच नट कापडी पिशवीत बांधून स्टेपनीजवळ ठेवावेत.