जिनिव्हातला करार, मालवणची होडी: गावाचं म्हणणं तिथवर पोचतं कसं?

डिझेलचा परतावा रखडला की मालवण, देवगड, वेंगुर्ल्यातला मच्छीमार आधी सोसायटीत आणि मग मत्स्यव्यवसाय खात्यात जातो. परतावा राज्य सरकार देतं, त्यामुळे मागणी मुंबईकडे जाते. पण मच्छीमारांना इंधनासाठी, होडीसाठी, इंजिनासाठी सरकारने किती मदत द्यावी आणि कुणाला द्यावी, याची चर्चा स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहरातही चालू आहे. जागतिक व्यापार संघटनेचं मुख्यालय तिथे आहे. त्या बैठकीत देश बसतात. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद किंवा मच्छीमार सोसायटी यांना तिथे खुर्ची नाही. मग आपलं म्हणणं तिथे कोण मांडतं आणि ते त्याच्यापर्यंत न्यायचं कसं, हे समजून घेऊया.

अधिकार कुणाचा?

घटनेप्रमाणे मासेमारी हा राज्याचा विषय आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा कायदा चालतो. त्यापुढची मासेमारी केंद्राकडे आहे. ७३व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतींकडे सोपवता येतील अशा २९ विषयांच्या यादीतही मत्स्यव्यवसाय आहे.

परदेशांशी करार करण्याचा अधिकार मात्र फक्त केंद्राला आहे. कलम २५३ प्रमाणे असा करार पाळण्यासाठी संसद राज्याच्या विषयावरही कायदा करू शकते. थोडक्यात, परतावा मुंबई देते, करार दिल्ली करते आणि परिणाम होतो दांडीच्या किनाऱ्यावर.

करारात काय आहे?

१७ जून २०२२ रोजी जिनिव्हाच्या मंत्री परिषदेत मत्स्य अनुदानांचा करार मंजूर झाला. १५ सप्टेंबर २०२५ पासून तो लागू झाला. ज्या देशाने तो स्वीकारला, त्यालाच तो बंधनकारक आहे. त्यात मुख्य तीन गोष्टी आहेत:

- बेकायदा, नोंद नसलेली किंवा नियमबाह्य मासेमारी करणाऱ्या बोटीला अनुदान द्यायचं नाही.
- ज्या माशांचा साठा अतिमासेमारीने घटला आहे, त्यांच्या मासेमारीला अनुदान द्यायचं नाही. साठा पुन्हा वाढवण्यासाठीची मदत चालते.
- कुठल्याच देशाच्या किंवा संघटनेच्या नियंत्रणात नसलेल्या खोल समुद्रातल्या मासेमारीला अनुदान द्यायचं नाही.

म्हणजे डिझेल परतावा या कराराने सरसकट बंद होत नाही. खरा प्रश्न दुसऱ्या टप्प्याचा आहे. गरजेपेक्षा जास्त बोटी आणि जास्त मासेमारी यांना बळ देणारी अनुदानं कशी रोखायची, यावर देशांचं एकमत झालेलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अबुधाबीच्या परिषदेतही तोडगा निघाला नाही. करार लागू झाल्यापासून चार वर्षांत हे व्यापक नियम ठरले नाहीत आणि संघटनेने वेगळा निर्णय घेतला नाही, तर पहिला करारही संपुष्टात येईल. ही मुदत सप्टेंबर २०२९ पर्यंत जाते. बोलायचं असेल तर हाच काळ आहे.

भारताचं म्हणणं असं की, दूरच्या समुद्रात मोठे ताफे पाठवून साठा संपवला तो श्रीमंत देशांनी. लहान मच्छीमाराला त्याची शिक्षा नको. म्हणून विकसनशील देशांना २५ वर्षांची सवलत भारताने मागितली आहे. २०२२च्या परिषदेवेळी भारताच्या किनाऱ्यावरचे काही मच्छीमार जिनिव्हाला जाऊन निदर्शनं करून आले.

पण ‘लहान मच्छीमार’ म्हणजे नेमका कोण? रापणवाला, न्हैयवाला, की मोठी यांत्रिक नौकाही? व्याख्या कशी होते यावर सगळं अवलंबून आहे. आणि रापण म्हणजे काय, हे दिल्लीतल्या अधिकाऱ्याला आपणच सांगायला हवं.

युरोपात काय सोय आहे?

युरोपीय संघात २७ देशांसाठी एकत्र नियम होतात. तिथे १९९४ पासून ‘प्रदेश समिती’ आहे. तिच्यात महापौर, नगरसेवक, प्रांतांचे लोकप्रतिनिधी असे ३२९ सदस्य असतात. पर्यावरण, वाहतूक, रोजगार अशा विषयांवर कायदा करताना तिचं मत विचारावंच लागतं. मत पाळण्याचं बंधन नाही, पण स्थानिक पातळीच्या अधिकारावर अतिक्रमण झालं तर समिती युरोपच्या न्यायालयात जाऊ शकते.

मासेमारीसाठी तिथे वेगळी सल्लागार मंडळं आहेत. त्यात ६० टक्के जागा मासेमारी व्यवसायाच्या आणि ४० टक्के पर्यावरण संस्था, ग्राहक वगैरेंच्या असतात. आपल्याकडे जागतिक करारांसाठी अशी ठरलेली खुर्ची नाही. तरी काही वाटा आहेत.

आपल्याकडच्या वाटा

राज्य सरकार: जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने १२ मराठा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं. त्यात आपले सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग आहेत. प्रस्ताव भारत सरकारचा होता, पण बाजू मांडायला फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्राचं शिष्टमंडळ पॅरिसला गेलं होतं. राज्याने मनावर घेतलं तर दिल्लीच्या सोबतीने बाहेर बोलता येतं.

संघटना: नोव्हेंबर १९९७ मध्ये अनेक देशांचे मच्छीमार नवी दिल्लीत जमले आणि त्यांची जागतिक संघटना उभी राहिली. २१ नोव्हेंबरचा जागतिक मच्छीमार दिन त्यातूनच आला. पुढे २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने लहान मच्छीमारांसाठी मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली. ती ऐच्छिक आहेत, पण मच्छीमारांना निर्णयात सहभागी करून घ्या, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. निवेदनात त्यांचा हवाला देता येतो.

गावाचा ठराव: पश्चिम घाटासाठीच्या गाडगीळ समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. आमचं गाव पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात घ्या, असे ठराव सिंधुदुर्गातल्या २५ गावांच्या ग्रामसभांनी केले होते. त्याची नोंद त्या अहवालात आहे. ग्रामसभेत नुसतं बोललेलं विरून जातं. ठराव कागदावर राहतो.

आपल्या किनाऱ्याची हाक आधीही वर पोचली आहे. पर्ससीनवर निर्बंध घालणारा राज्याचा आदेश फेब्रुवारी २०१६ मध्ये आला, तर एलईडी मासेमारीवर केंद्राची बंदी नोव्हेंबर २०१७ मध्ये. दोन्हींच्या मागे पारंपरिक मच्छीमारांचा रेटा होता. अंमलबजावणीची तक्रार वेगळी.

गावाने काय करावं?

१. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यापैकी एका ग्रामसभेत ठराव घ्या. शहरात नगरपरिषदेत विषय मांडा.

२. ठरावात आकडे घाला: गावात रापणी किती, बिगरयांत्रिक होड्या किती, यांत्रिक नौका किती, वर्षाला डिझेल किती आणि परतावा किती.

३. प्रती मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्त, आमदार, खासदार, केंद्रीय मत्स्यव्यवसाय विभाग आणि वाणिज्य मंत्रालयाला पाठवा. जागतिक व्यापार संघटनेशी बोलणी वाणिज्य मंत्रालय करतं. पोच घ्यायला विसरू नका.

४. खासदारांना लोकसभेत लेखी प्रश्न विचारायला सांगा. मिळालेलं उत्तर सरकारची भूमिका म्हणून नोंदलं जातं.

५. होडीचा परवाना आणि नोंदणी चालू ठेवा, उतरवलेल्या मासळीची नोंद ठेवा. ‘बेकायदा, नोंद नसलेली’ हा शिक्का बसू नये म्हणून कामी येतील ते हेच कागद.

जिनिव्हाच्या बैठकीत भारताचा प्रतिनिधी बोलणार तो हातातल्या फाईलवरून. आचरा, तोंडवळी, देवबागची नोंद त्या फाईलमध्ये असेल की नाही, याची सुरुवात आपल्या ग्रामसभेच्या इतिवृत्तापासून होते.