स्टेपनी कुठून आली?

गाडीच्या डिकीत पडून असलेल्या पाचव्या चाकाला आपण स्टेपनी म्हणतो. शब्द इंग्रजी वाटतो आणि तो आहेही. पण आज इंग्लंडात एखाद्या गॅरेजवाल्याला ‘स्टेपनी आहे का’ म्हणून विचारलंत तर तो बुचकळ्यात पडेल. फार तर पूर्व लंडनमधल्या त्या नावाच्या वस्तीचा पत्ता सांगेल. आमच्या हिंगोलीत मात्र शाळेचं तोंड न पाहिलेला ट्रकचा क्लीनरही हा शब्द बिनचूक वापरतो. विलायतेने टाकून दिलेला शब्द आपल्याकडे टिकला कसा, हे शोधता शोधता मी थेट वेल्समधल्या एका रस्त्यावर जाऊन पोचलो. अर्थात पुस्तकांतून. बी.ए. झालेल्या कवीला एवढाच परदेश प्रवास परवडतो.

आपल्या बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असायची. ती झिजायची, उन्हाळ्यात लाकूड आकसलं की सैल व्हायची, पण पंक्चर कधी झाली नाही. पंक्चर व्हायला आधी चाकात हवा भरावी लागते. हवेच्या चाकाचं पहिलं पेटंट रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने 1845 सालीच घेतलं होतं, पण त्या काळात ते कुणाला हवं नव्हतं. पुढे 1888 मध्ये बेलफास्टचा जॉन बॉइड डनलॉप याने नव्याने पेटंट घेतलं. हा डनलॉप गुराढोरांचा डॉक्टर. पोराची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर फार हादरते म्हणून त्याने रबराच्या नळीत हवा भरून ती चाकावर बसवली. त्याचं नाव आपल्याकडे पुढे बैलगाडीलाही लागलं. रबरी चाकांच्या गाडीला शेतकरी ‘डनलॉपची गाडी’ म्हणू लागले. जनावरांच्या डॉक्टरच्या नावाने जनावरांचं ओझं हलकं व्हावं, हा योगायोग मला भारी आवडतो.

फ्रान्समधल्या मिशलँ बंधूंनी 1895 सालच्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरची मोटार उतरवली. बक्षीस मिळालं नाही. वाटभर पंक्चर काढण्यातच जीव मेटाकुटीला आला. पण हवेवर मोटार धावते हे जगाला दिसलं.

आता गंमत अशी, की त्या काळच्या मोटारीचं चाक सहजासहजी निघत नसे. ते गाडीला कायमचं जोडलेलं. पंक्चर झालं की गाडी उचलायची, चाक जागेवरच ठेवून त्यावरचा टायर पहारीसारख्या टॉमीने उचकटायचा, ट्यूब बाहेर ओढायची, भोक शोधायचं, ठिगळ लावायचं, पुन्हा सगळं आत कोंबायचं आणि हातपंपाने हवा भरायची. पाऊस असो की रात्र, हे सगळं रस्त्याच्या कडेला. मोटार ही श्रीमंतांची चैन असली तरी हा उद्योग कुणालाच चुकला नव्हता.

इथे वेल्समधला तो रस्ता येतो. लानेली नावाच्या गावात स्टेपनी स्ट्रीट आहे. त्या भागातल्या एका जमीनदार घराण्याचं हे नाव. 1904 साली थॉमस मॉरिस डेव्हिस याने एक युक्ती काढली, भाऊ वॉल्टर त्याच्या जोडीला होता. त्यांनी आरे नसलेली नुसती लोखंडी कडी केली, तिच्यावर आधीच हवा भरलेला टायर चढवला. पंक्चर झालं की मूळ चाक काढायचं नाही. ही कडी त्याच्या शेजारी चापांनी घट्ट आवळायची आणि पुढचं गाव गाठायचं. लंगड्याला कुणी खांदा द्यावा, तसं. रस्त्याच्या नावावरून तिला ‘स्टेपनी स्पेअर व्हील’ म्हणू लागले. लवकरच लंडनच्या टॅक्सींना ती लागली आणि साम्राज्यभर विकली गेली. मग सबंध चाकच नट खोलून बदलता येण्याची सोय झाली आणि मूळ स्टेपनी काही वर्षांतच कालबाह्य ठरली.

वस्तू गेली, शब्द मागे राहिला. भारतात राहिला, बांगलादेशात राहिला, माल्टात राहिला. ब्राझीलमधले लोक जादा चाकाला ‘एस्तेपे’ म्हणतात, तेही हेच. आपण तर पुढे जाऊन तो माणसांनाही लावला. कुठल्याही जागी वेळ मारून न्यायला उभा केलेला माणूस म्हणजे स्टेपनी. बायकांच्या बाबतीत तो किती ओंगळ अर्थाने वापरतात, ते इथे सांगायची गरज नाही. डेव्हिस बंधूंचा त्यात काही दोष नाही.

हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात. 1903 पर्यंत इथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, म्हणजे घोडे, बैल आणि खटारे यांचं गाव. मोटार सामान्य माणसाच्या वाट्याला आली ती बसच्या रूपाने. निजाम स्टेट रेल्वेने आपला रस्ते वाहतूक विभाग जून 1932 मध्ये अवघ्या 27 बसवर सुरू केला. पुढे हळूहळू राज्याच्या रस्त्यांवर रबराची चाकं फिरू लागली आणि त्यांची गाठ पडली दोन जुन्या रहिवाशांशी: बाभळीचा काटा आणि बैलाच्या पत्रीचा खिळा.

हा खिळा माझ्या ओळखीचा आहे. माझे नाना कळमनुरीला नालबंदकी करत. बैल आडवा पाडून, पाय बांधून, खुरांना पत्र्या ठोकायच्या. पत्री झिजली की खिळा सुटून रस्त्यावर पडतो आणि बहुधा टोक वर करूनच पडतो. नानांनी आयुष्यभर असे हजारो खिळे ठोकले. त्यांच्या धाकट्या भावाच्या मुलांनी पुढे पंक्चरचं दुकान टाकलं. घरात विनोद चाले की खिळा देणारे आपणच आणि काढणारेही आपणच.

दुसऱ्या महायुद्धात 1942 साली जपानने मलाया आणि जावा घेतले, तेव्हा रबराचा मोठा पुरवठा तुटला. टायर दुर्मीळ झाला. ठिगळावर ठिगळ लावणारा कारागीर तेव्हा सोन्याच्या भावाचा झाला असणार. माझ्या लहानपणापर्यंत ती सवय टिकून होती. जीपच्या पाठीवर, ॲम्बेसिडरच्या डिकीत जी स्टेपनी असे ती इतर चार चाकांसारखीच, फक्त सगळ्यांत गुळगुळीत. नवा टायर पुढे, जुना मागे आणि अगदीच उघडा पडलेला स्टेपनीत, असा क्रम होता.

अमेरिकेत मात्र वेगळाच विचार चालला होता. 1967 च्या पोन्टियाक फायरबर्ड गाडीबरोबर हवा काढून आकसलेली स्टेपनी मिळू लागली, का तर डिकीत जागा वाचावी. नंतर तेलाचे भाव भडकले आणि गाडीचं वजन कमी करण्याचा ध्यास कंपन्यांना लागला. त्यातून आलं ते बारीक, अरुंद चाक. आता ते आपल्याकडेही आलं आहे. टायरवरच्या आकड्यांच्या आधी ‘टी’ अक्षर असलं तर समजावं की हे तात्पुरतं चाक आहे. एरवीच्या टायरला तीस-पस्तीस पौंड हवा लागते, याला बहुतेक वेळा साठ. अंगाने बारीक, म्हणून हवेच्या जोरावर भार पेलायचा. वर पिवळी पट्टी असते: ताशी 80 किलोमीटरच्या पुढे जाऊ नका. ब्रेक उशिरा लागतो, वळणावर गाडी ओढते.

माझ्या भाच्याच्या गाडीत हेच चाक निघालं. वसमतचं कविसंमेलन आटोपून आम्ही हिंगोलीला परतत होतो. शिरड शहापूर मागे पडलं आणि पुढचं डावं चाक बसलं. संध्याकाळ झाली होती. त्याने मागच्या चाकांपाठी दगड लावले, गाडी जमिनीवर असतानाच नट सैल केले, मग जॅक लावला. डिकीतून ते चाक काढलं तेव्हा मला हसूच आलं. म्हशीच्या गोठ्यात करडू बांधल्यासारखं दिसत होतं. शहाण्या पोराने ते पुढे लावलं नाही. मागचं चांगलं चाक काढून पुढे घातलं आणि करडू मागे. त्याची गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी. लहान-मोठी चाकं एकाच आसावर फिरली तर मधल्या गिअरवर ताण येतो आणि ओढ, वळण, ब्रेकचा मोठा भार सगळं पुढेच असतं. दोन चाकं बदलायची म्हणजे दुप्पट मेहनत. तो घामाघूम झाला, मी टॉर्च धरला.

औंढ्याला दुकान उघडं होतं. मिस्त्रींनी चाक बोटांनी ठोकून पाहिलं आणि म्हणाले, “भाईजान, ही गावापुरती स्टेपनी. हिच्यावर सासुरवाडी गाठायची नाही.” वेल्समधल्या त्या बंधूंनी 1904 मध्ये नेमकं हेच विकलं होतं. कडी आवळा, पुढचं गाव गाठा, चाक दुरुस्त करा. मधल्या काळात स्टेपनी पुऱ्या मापाची झाली आणि पंक्चर आठवडाभर तसंच डिकीत ठेवायची सवय लागली. बारीक चाकाने ती मुभा काढून घेतली. आता पुढच्या गावात कुणीतरी दुकान उघडं ठेवून बसलेलं असायला हवं.

जुलै 2020 मध्ये केंद्राने मोटारवाहन नियम बदलले. टायर बिनट्यूबचे असतील, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा असेल आणि दुरुस्तीची पेटी दिली असेल, तर लहान मोटारीत स्टेपनी नसली तरी चालते. बिनट्यूबच्या टायरमध्ये खिळा रुतला तरी हवा हळू जाते, हे खरं. पण टायर बाजूने फाटला तर पेटी काय करणार? आता आमच्या भागातले लोक वाशिम जिल्ह्यातून समृद्धी महामार्गावर चढतात. सिमेंटच्या त्या तापलेल्या रस्त्यावर कमी हवेचा टायर 120 च्या वेगात किती टिकेल, याचा विचार निघण्याआधी करावा लागतो. स्टेपनीतली हवाही तेव्हाच बघावी. चार चाकं बघणारे पुष्कळ, पाचवं बघणारा विरळा.

गेल्या काही वर्षांत ‘पंक्चरवाला’ ही शिवी झाली आहे. मोबाइलवर ती रोज दिसते, आणि ती कुणाला उद्देशून आहे हे माझ्यासारख्या नावाच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. मला तिचा राग येतो आणि हसूही येतं. महाराष्ट्राच्या महामार्गांवर किती दुकानं केरळातून आलेल्यांनी थाटली, त्यांत सगळ्या धर्मांचे लोक आहेत. आणि शिवी देणाऱ्याच्या गाडीतही टायर आहेतच.

औंढ्याच्या मिस्त्रींनी तो खिळा काढून माझ्या हातावर ठेवला. पत्रीचाच होता. चौकोनी डोक्याचा. भाच्याचं मूळ चाक परत चढवलं, स्टेपनीत मोजून साठ पौंड हवा भरली आणि खडूने डिकीच्या आतल्या बाजूला 60 असा आकडा लिहून ठेवला, पुढच्या मिस्त्रीसाठी. दुकानाबाहेर पांढरा रंग दिलेला जुना टायर टांगला होता. त्यावर ‘पंचर’ असं लिहिलं होतं, आणि खाली बारीक अक्षरांत, ‘रात्री शटर वाजवा’.