अपुरे राहिलेले भाषण

देवळाच्या सभामंडपात कीर्तनकार उभा राहिला की लोक आपोआप जमतात. कोणाची परवानगी लागत नाही. गोमंतकात मात्र सभामंडपाबाहेर हा मोकळेपणा फार काळ नव्हता. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि हिंदूंना कायद्यापुढे समानता लाभली. परंतु १९२६ चा लष्करी उठाव व १९३० चा वसाहतविषयक कायदा यांनी तो प्रकाश मंदावला. सभा भरवावयाची तर परवानगी, मजकूर छापावयाचा तर सेन्सॉर. लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेचीही त्यातून सुटका नव्हती.

१९४६ च्या एप्रिलात तुरुंगातून सुटलेले डॉ. राममनोहर लोहिया जूनमध्ये असोळणे येथे डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्याकडे विश्रांतीस आले. दोघांचा स्नेह बर्लिनमधील विद्यार्थिदशेपासूनचा. विश्रांती बाजूलाच राहिली. भेटीस येणाऱ्यांच्या हकिकती ऐकून दोघांनी ठरविले की, १८ जून रोजी मडगावच्या मैदानावर परवानगी न मागता सभा घ्यावयाची.

या घटनेचे मर्म येथेच आहे. अर्ज केला असता तर नकार मिळाला असता, हे उघड होते. परंतु होकार मिळाला असता तरी मूळ अन्याय तसाच राहिला असता. बोलणे हा माणसाचा हक्क की सरकारची कृपा, एवढाच प्रश्न होता. आणि अर्ज करणे म्हणजे ती कृपा मान्य करणे होय.

ठरल्या दिवशी पावसात दोघे घोडागाडीतून आले. पोर्तुगीज सत्तेच्या अधिकाऱ्याने पिस्तूल उगारले. लोहियांनी तो हात शांतपणे बाजूस सारला. लगेच दोघांना अटक झाली. भाषण अपुरे राहिले, परंतु लोकांचे भय ओसरले. लोहियांना सीमेबाहेर नेऊन सोडण्यात आले. गोमंतकीयांना याची किंमत अधिक मोजावी लागली: त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने ८ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालातील पेनिशेच्या किल्ल्यात धाडले, पुरुषोत्तम काकोडकर यांच्याही वाट्यास हद्दपारी आली.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. ते मैदान आता लोहियांच्या नावाने ओळखले जाते आणि १८ जून हा क्रांतिदिन म्हणून पाळला जातो. परंतु केवळ पुष्पहार वाहून त्या दिवसाचे ऋण फिटत नाही. देवस्थानच्या महाजनांच्या सभेत वा गावच्या बैठकीत अप्रिय पण खरे बोलावयास कोणी उठला, तर त्याला खाली बसविण्यापूर्वी आपण मडगावच्या त्या अपुऱ्या भाषणाचे स्मरण करावे.