कला महाविद्यालयातील रेखाटन : मुंबईहून बेंगळुरूकडे

बेंगळुरूच्या कुमारकृपा रस्त्यावरील कर्नाटक चित्रकला परिषदेच्या कला महाविद्यालयात असो किंवा मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या पुढ्यात साधारण सारख्याच गोष्टी येतात : वस्तुसमूह, प्लास्टरचा पुतळा, हातापायांचे अभ्यास आणि पुढे कधीतरी जिवंत माणूस. हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की तो निसर्गनियमच वाटावा. प्रत्यक्षात त्यातली प्रत्येक पायरी कोणीतरी विशिष्ट हेतूने घातलेली आहे आणि तिच्यावरून वादही झाले आहेत. रेखाटन कशासाठी शिकवायचे, हा त्या वादांतला मूळ प्रश्न होता.

1851 मध्ये लंडनला भरलेल्या महाप्रदर्शनात भारतीय कापड, धातुकाम आणि नक्षीकाम पाहून इंग्रज जाणकार थक्क झाले. आपल्या कारखान्यांतला माल त्यापुढे बेढब दिसतो, हेही त्यांच्या ध्यानात आले. त्यातून हेन्री कोल आणि रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी साउथ केन्सिंग्टनची रेखाटन-शिक्षणपद्धती उभी केली. तिचे 23 टप्पे होते. सुरुवात उपकरणांनी काढलेल्या रेषांपासून, मग छापील नमुन्यांवरून बाह्यरेषा, मग घनवस्तू, मग छायाप्रकाश. मानवाकृती फार उशिरा येई. डोळा आणि हात यांना शिस्त लावून उद्योगाला उपयोगी कारागीर घडवणे हा त्यामागचा उद्देश होता. चित्रकार घडवणे हा त्या पद्धतीचा मुख्य हेतू नव्हता.

गंमत अशी की ज्या देशाच्या कारागिरीने ही चिंता जागवली, त्याच देशाच्या कारागिरांना सुधारण्यासाठी ही पद्धत इथे आणली गेली. मद्रासला 1850 मध्ये, कलकत्त्याला 1854 मध्ये कलाशाळा सुरू झाल्या. मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांनी 1853 मध्ये एक लाख रुपये देऊ केले आणि मार्च 1857 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या जागेत रेखाटनाचे वर्ग भरू लागले. 1865 मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक आले. किपलिंगकडे वास्तुशिल्प, ग्रिफिथ्सकडे सजावटी चित्रकला. शाळेला तिची आजची इमारत 1878 मध्ये मिळाली.

परंतु शाळेत आलेली सगळीच मुले सुतार-लोहारांची नव्हती. इंग्रजी शिकलेल्या पारशी आणि हिंदू कुटुंबांतील मुलांना नोकरी आणि प्रतिष्ठा हवी होती. त्यांनी ही शिस्त घेतली, तिचा हेतू मात्र बाजूला ठेवला. 1872 पासून 1885 पर्यंत ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करायला जात होते. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतले नावाजलेले नाव. काम मेहनतीचे, नकलेचे, सरकारी. पण अंधाऱ्या लेण्यात भिंतीवरची बाह्यरेषा पुन:पुन्हा गिरवताना विद्यार्थ्यांसमोर एक वेगळे व्याकरण उघडत होते. त्या रेषेला छाया लागत नाही. एका लयीत ती खांदा, कंबर, हात बांधून टाकते. साउथ केन्सिंग्टनच्या 23 टप्प्यांत असा धडा कुठेच नव्हता. लंडनला पाठवलेल्या प्रतिकृतींपैकी बऱ्याचशा 1885 च्या आगीत जळाल्या. उरले ते मुख्यतः ग्रिफिथ्सच्या 1896-97 च्या दोन खंडांच्या ग्रंथामुळे. विद्यार्थ्यांच्या हातात मुरलेली रेषा मात्र कोणत्याही वस्तुसंग्रहालयाच्या यादीत येत नाही, आणि माझ्या मते या मोहिमेचे खरे फलित तेच होते.

कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर 1890 मध्ये विद्यार्थी म्हणून शाळेत आले आणि शिक्षक होऊन 1931 पर्यंत तिथेच राहिले. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचे नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असे आहे. महाराष्ट्रातील कलाशिक्षण आतून कसे चालत होते हे जाणून घ्यायचे असेल तर विद्यार्थ्यांनी ते अवश्य पाहावे. धुरंधरांचे रेखाटन पक्के शालेय, पण त्या शालेयपणातून त्यांनी मुंबईच्या रस्त्यावरची माणसे टिपली : फेरीवाले, भाविक, वेगवेगळ्या जातींच्या स्त्रिया, पागोट्यांचे नाना प्रकार.

याच काळात कलकत्त्याला उलट दिशेने घडामोडी चालल्या होत्या. 1896 मध्ये आलेल्या ई. बी. हॅवेल यांनी युरोपीय पुतळे आणि चित्रे शिक्षणातून काढून भारतीय नमुने आणायचे ठरवले. विद्यार्थ्यांनीच विरोध केला. आपल्याला ‘खरी’ कला शिकू न देण्याचा हा डाव आहे, असा त्यांचा संशय. साहेब म्हणतो भारतीय शिका आणि भारतीय विद्यार्थी म्हणतात युरोपीय शिकवा, हा प्रसंग वसाहतकाळाच्या कोणत्याही सोप्या मांडणीत बसत नाही. हॅवेल-अवनींद्रनाथांच्या या प्रवाहात म्हैसूर संस्थानातून गेलेले के. वेंकटप्पा घडले. पुढे ते बेंगळुरूला स्थायिक झाले आणि कस्तुरबा रस्त्यावरील कलादालनाला त्यांचेच नाव आहे.

मुंबईने ही वाट घेतली नाही. कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी 1919 मध्ये जे. जे.त जिवंत मॉडेलवरून रेखाटनाचा वर्ग सुरू केला, त्यात नग्न मॉडेलही होते. आधी शरीर नीट काढता येऊ द्या, मग भारतीय विषय आपोआप सशक्त होतील, अशी त्यांची भूमिका. बंगालच्या समर्थकांना हे भारतीय कलेचे विलायतीकरण वाटले. सॉलोमन यांनी 1924 मध्ये पुस्तक लिहून मुंबईची बाजू मांडली. या वादावर भरपूर लिहिले गेले आहे. ज्यांच्याबद्दल जवळजवळ काहीच लिहिले गेले नाही ती म्हणजे पाटावर तासन्‌तास स्थिर बसणारी माणसे. रेखाटनांच्या कागदावर विद्यार्थ्याची सही असते, क्वचित गुण असतात. मॉडेलचे नाव नसते. पोटासाठी, बहुधा घरच्यांपासून लपवून हे काम करणाऱ्या स्त्रीकडे मराठी प्रेक्षकांचे लक्ष वेधले ते थेट 2018 मध्ये, रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ या चित्रपटाने. कला महाविद्यालयाचा इतिहास लिहिताना प्राचार्यांची यादी सहज मिळते, मॉडेलांची मिळत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही गैरहजेरीही पुरावा म्हणून वाचायला हवी.

आता बेंगळुरूकडे वळू. 1956 पर्यंत बेळगाव, धारवाड, विजापूर आणि उत्तर कन्नड हे जिल्हे मुंबई प्रांत-राज्यात होते. तिथल्या मुलाला चित्रकार व्हायचे तर वाट मुंबईची. जे. जे.त शिकलेल्या हालभावींनी धारवाडला कलाशाळा काढली; बेळगावात के. बी. कुलकर्णी यांनी मराठी-कन्नड मुलांना रेखाटनाचे धडे दिले, रवी परांजपे त्यांतलेच एक. शाळाशाळांतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांचे जाळे होते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, कर्तव्यभूमिती ही नावे मराठी घरांत आजही परिचित आहेत. चित्रकलेच्या परीक्षेत भूमिती कशाला, असा प्रश्न मुलांना पडतो. उत्तर हेन्री कोलच्या कारखान्यांत आहे. कर्नाटकातही लोअर आणि हायर ड्रॉइंगच्या परीक्षा होतात.

उडुपीजवळच्या कट्टिंगेरीचे के. के. हेब्बार याच वाटेने मुंबईत आले. 1938 मध्ये जे. जे.ची पदविका घेतली, नंतर तिथेच शिकवलेही. त्यांची पुढची रेखाटने पाहिली तर छायाप्रकाश गळून पडलेला दिसतो. नर्तकी, बैल, वादक यांची एका धाग्यासारखी धावणारी रेषा उरते. सगळे टप्पे पार केल्यावर त्यांनी नेमके काय टाकून दिले, हे पाहणे उद्बोधक आहे.

बेंगळुरूत मात्र पूर्णवेळ कलाशिक्षण उशिरा रुजले. चित्रकला परिषद 1960 मध्ये एम. एस. नंजुंडराव यांच्या पुढाकाराने उभी राहिली, तिचे कला महाविद्यालय 1983 मध्ये. त्या दोहोंच्या मधे, 1968 मध्ये, बदामीहून आलेल्या आर. एम. हडपद यांनी केन स्कूल काढले. फारसे भांडवल नाही, सरकारी थाट नाही. मुंबईत सरकारने कलाशाळा चालवली ती उद्योगासाठी हात हवे होते म्हणून. हडपदांच्या शाळेला असा कोणता कारखाना अपेक्षित नव्हता. तिथे येणारी मुले बरीचशी लहान गावांतली होती आणि चित्र काढायचे एवढेच ठरवून आलेली होती.