आवाजाचे सूत



वर्ध्याजवळच्या नालवाडीत १९३२ साली विनोबा राहायला आले. सूत कातून मिळणाऱ्या मजुरीवर माणसाचे पोट भरते का, हे त्यांनी तिथे स्वतः कातून, त्याच मजुरीवर राहून पाहिले. अवजाराची पारख कामावरून करावी, हाच त्यातला धडा. तो आज आपण एका निराळ्या अवजाराला लावून पाहू.

समजा, तुम्ही गावातल्या एखाद्या आजीबाईंची ओवी ध्वनिमुद्रित केली. पहिला शब्द खणखणीत आणि शेवटचा श्वासात विरलेला. सूत कुठे जाड, कुठे बारीक, तसेच हे! मोठा आवाज दाबून मग सगळाच आवाज थोडा वर उचलला, की विरलेला शब्दही कानी पडतो. हे काम करणाऱ्या यंत्राला कॉम्प्रेसर म्हणतात.

१९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेत जिम लॉरेन्स यांच्या टेलेट्रॉनिक्स कंपनीने ‘एलए-२ए’ हे यंत्र काढले. त्याची युक्ती मोठी गमतीची! आवाज वाढला की आतली एक पट्टी उजळते. तिच्यासमोरच्या प्रकाशसंवेदी घटकाचा विद्युतरोध त्या उजेडाने घटतो आणि आवाज दाबला जातो. ही दाब सुमारे १० मिलिसेकंदांत बसते. सुटताना मात्र निम्मी चटकन सुटते, उरलेली काही सेकंद घेत सावकाश ओसरते. म्हणून गळ्याला गचका बसत नाही. १९६९ साली आलेला ‘एलए-३ए’ ट्रान्झिस्टरवर चालणारा, जरा चपळ.

आता ही यंत्रे संगणकात उतरली आहेत. त्यांच्या नकला पुष्कळ, काही महाग, काही फुकट. मग निवड कशी करावी? जुन्या यंत्रांतले प्रकाशघटक सगळे सारखे नव्हते आणि वयाबरोबर ते बदलतही गेले. तेव्हा ‘हुबेहूब कोणती’ या वादात शिरू नका. पडद्यावरच्या जुन्या खुंट्यांच्या चित्राला तर मुळीच भुलू नका.

आधी दोन्ही नकलांचा आवाज सारख्या पातळीवर आणा. जे मोठ्याने वाजते ते कानाला उगीचच सरस वाटते, आणि इथेच पुष्कळजण फसतात. मग डोळे मिटून ऐका. शेवटचा शब्द कळतो का? श्वास नैसर्गिक वाटतो का? सर्वांत मोठ्या शब्दाला काटा तीन-चार डेसिबल हलला तरी पुष्कळ झाले. त्याहून दाबाल, तर जात्याची घरघर गाण्याच्या वर येईल.

फुकटची नकल या परीक्षेत उतरली, तर शाळेचे पैसे चांगल्या मायक्रोफोनसाठी राखून ठेवा.

एक मात्र विसरू नका. ओवीत चढउतार असतो, तो गाणारीच्या मनाचा असतो. विरलेला शब्द सावरा, पण तो चढउतार सपाट करू नका.