खोडदची दुर्बीण, अर्थिंग आणि आपली रेल्वे

पुणे-नाशिक रेल्वेचा विषय निघाला की हल्ली आपल्याकडे पहिली शिवी खोडदच्या दुर्बिणीला पडते. "उचला त्या डिश आणि न्या दुसरीकडे!" रेल्वे मलाही हवीय. पण नारायणगाव वगळून शिर्डीवरून मार्ग न्यायचा पर्याय ज्या कारणाने पुढे आला, ते कारण नीट समजून न घेता भांडण्यात अर्थ नाही. म्हणून थोडं सविस्तर लिहितोय.

डॉ. गोविंद स्वरूप यांनी १९६५ च्या सुमारास कल्याणला ऑस्ट्रेलियातून आलेल्या ३२ लहान डिश लावून सुरुवात केली. १९७० मध्ये उटीची दुर्बीण झाली. मग खोडद. इथे का? पुणे जवळ, तरी शहराचा रेडिओ गोंगाट लांब आणि भोवती डोंगरांचा आडोसा. नव्वदच्या दशकात ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश उभ्या राहिल्या. १४ मध्यभागी, उरलेल्या १६ तीन दिशांना शेताशिवारांत. एका टोकापासून दुसरं टोक साधारण २५ किलोमीटर.

खरी गंमत पुढे आहे. या तीस डिशनी मिळून एकच दुर्बीण व्हायचं, तर सगळ्यांना एकाच ठेक्यावर चालावं लागतं. हायड्रोजनची रेडिओ लहर २१ सेंटिमीटरची. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. म्हणजे एखाद्या डिशचा ठेका सेकंदाच्या अब्जाव्या भागाने जरी डळमळला, तरी अख्खी लहर चुकली! म्हणून मध्यवर्ती इमारतीत अणुघड्याळाच्या आधारे एक पक्की फ्रिक्वेन्सी तयार करतात आणि तीच प्रत्येक डिशपर्यंत पोचवतात.

पोचवायची कशी, हा कळीचा प्रश्न. कीर्तनाला साउंडवाला मिक्सर एका बोर्डावर आणि ॲम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डावर लावतो, तेव्हा स्पीकरमधून 'घुंऽऽ' ऐकू येतं ना? दोन ठिकाणच्या अर्थिंगचा दाब सारखा नसतो. त्यामुळे जोडणाऱ्या वायरच्या जाळीतून विजेचा ५० हर्ट्झचा प्रवाह फिरायला लागतो आणि तो आवाजात मिसळतो. मंडपात ही तऱ्हा, तर दहा-बारा किलोमीटर तांब्याची केबल टाकली तर काय होईल? त्यात पावसाळ्यातल्या विजा. शिवाय मूळ फ्रिक्वेन्सी वाढवत न्यावी लागते. ती शंभरपट केली की तिच्यातला हेलकावाही शंभरपट होतो. किरकोळ घुंघुं तिथे किरकोळ राहत नाही.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या मोठ्या दुर्बिणीसाठी सत्तरच्या दशकात जमिनीत खास धातूच्या नळ्या पुरून त्यांतून संदेश नेले होते. खोडदला आपल्या लोकांनी काचेचा धागा निवडला, ऑप्टिकल फायबर. तेव्हा आपल्याकडे साध्या टेलिफोनसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत! काचेतून वीज वाहत नाही. फ्रिक्वेन्सी उजेडावर स्वार होऊन जाते आणि या टोकाचं अर्थिंग त्या टोकाशी जोडलंच जात नाही. रोगाचं मूळच तोडलं. बाकी यंत्रणेचं अर्थिंग आणि धातूचं कवच काटेकोर सांभाळावं लागतं, ते वेगळंच.

याचं फळ? ऑक्टोबर २०१६ मध्ये मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या शियापारेल्ली यानाचा क्षीण संदेश थेट खोडदला ऐकू आला, आणि उतरण्याच्या थोडं आधी तो तुटल्याचंही इथेच कळलं. जून २०२३ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या विश्वव्यापी गुंजनाचे पुरावे जगासमोर आले. त्यात भारत-जपानच्या संशोधक गटाने खोडदहून घेतलेली पल्सारची मोजमापं होती.

आता रेल्वेकडे येऊ. आतला गोंगाट इंजिनिअरांनी काचेच्या धाग्याने आणि अर्थिंगने आवरला. बाहेरून येणाऱ्या गोंगाटाला हा उपाय नाही. तो डिशमधून, ताऱ्याच्या संदेशासोबतच आत शिरतो. विजेच्या खांबावरचा ढिला जोड ठिणग्या टाकत असला, तरी दुर्बिणीला त्रास होतो. मग २५ हजार व्होल्टच्या तारेला घासत धावणाऱ्या गाडीचं काय, ही शास्त्रज्ञांची काळजी नखरा नाही. आणि डिश उचलून न्यायच्या म्हणजे तीस पाये, जमिनीतलं फायबर, सगळंच नव्याने!

पण म्हणून जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याने, विद्यार्थ्याने रेल्वे विसरायची का? मुळीच नाही. माझी मागणी साधी आहे. दुर्बिणीपासून किती अंतर चालेल, कुठे बोगदा किंवा आडोसा करून भागेल, याची मोजमापं मराठीत, आकड्यांसह लोकांसमोर ठेवा. ज्यांनी नॅनोसेकंदाचा हिशेब जमवला, त्यांना हाही जमेल. आणि आपल्या पुढाऱ्यांनी 'दुर्बीण की रेल्वे' असं भांडण लावण्यापेक्षा तो हिशेब मागायला शिकावं.